अठ्ठावीस जागांचं राज्य

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी रंगमंचाचा पडदा काढून ठेवत. पहिला दिवस नाच-गाण्यांचा, तिसरा बक्षीस समारंभाचा आणि शेलापागोट्यांचा. मधला दिवस विधानसभेचा. सभागृहातली बाकं नालाच्या आकारात मांडली जात. अध्यक्षांसाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतली उंच पाठीची खुर्ची यायची, तिच्यासमोर सचिवाचं टेबल, आणि मागच्या भिंतीवर नकाशा लागायचा. तो नकाशा लागला की पोटात काहीतरी हलायचं. आजही ते आठवलं की हलतं.

नकाशा सरांनी काढलेला होता. एक नदी, तिच्या डाव्या अंगाला तीन दुष्काळी तालुके, खाली बंदर, वर जंगल. घड्यांवर मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. या राज्याला नाव नव्हतं. सर नागरिकशास्त्र शिकवायचे आणि वर्गात येऊन एवढंच म्हणायचे, "राज्य आपलं खोटं आहे, नियम खरे आहेत." दरवर्षी, अगदी याच शब्दांत.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा, आमच्या विधानसभेत २८. चौथी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या, आणि प्रत्येक तुकडी हा एक मतदारसंघ. बहुमताला पंधरा. पक्ष दोनच, आणि त्यांची ओळख चिन्हावरून: भोवरा आणि होडी. बाकीचे अपक्ष. संमेलनाच्या आठ दिवस आधी अर्ज भरायचे, मग छाननी, मग माघारीचा दिवस. अनामत म्हणून एक कोरी शंभर पानी वही द्यावी लागे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर वही जप्त. त्या वह्या ज्यांना विकत घेणं जमत नसे त्या मुलांना वर्षभर मिळत. हा एक षष्ठांशाचा नियमही सरांनी मनाने काढलेला नव्हता. तो खऱ्या निवडणुकीतलाच.

मी चौथीत पहिल्यांदा मत दिलं. सातवीत मतदान अधिकारी झाले, म्हणजे शाई लावायला बसले. डाव्या हाताची तर्जनी, नखावर आणि कातडीवर अर्धी-अर्धी रेघ. शाई साधीच होती, शिक्क्याच्या पॅडची, दोन दिवसांत जायची. खरी शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून ती उजेडात काळी पडते आणि धुऊन जात नाही, हे सर शाईची डबी हातात देताना सांगायचे. मुलं रांगेत बोट पुढे करून उभी राहायची. चौथीतल्या मुलांची बोटं थरथरायची, रेघ वाकडी जायची. सर म्हणाले, "वाकडी गेली तरी चालेल, घाई करू नकोस. तो आयुष्यात पहिल्यांदा बोट पुढे करतोय."

शिक्क्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यानेच माझं सगळं वर्ष फिरवलं. कागदी मतपत्रिकांच्या काळात मतदान केंद्रात जो रबरी शिक्का ठेवत, तो साधी फुली नसे. फुलीच्या चारही टोकांना एकाच दिशेने वळलेले बाण असत. आमच्या चित्रकलेच्या सरांनी तसाच शिक्का मोठ्या खोडरबरावर कोरला होता. हे बाण शोभेसाठी आहेत असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं.

१९८८च्या डिसेंबरात मी नववीत होते आणि होडीकडून उभी होते. समोर भोवऱ्याचा एक मुलगा, वर्गातला सगळ्यात चांगला वक्ता, आणि एक अपक्ष. सेहेचाळीस जणांनी मतदान केलं. मोजणी भूगोलाच्या खोलीत, दार लावून, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी यांच्यासमोर. अपक्षाला सहा. दोन मतपत्रिका कोऱ्याच निघाल्या, त्या बाद. मला एकोणीस. त्याला अठरा. आणि एक कागद सरांनी बाजूला काढून ठेवलेला.

त्या कागदावर दोन ठसे होते. वर भोवऱ्यासमोर ठळक, खाली होडीसमोर पुसट. माझी मैत्रीण, म्हणजे माझी प्रतिनिधी, उसळून उठली, "दोन ठिकाणी शिक्का आहे, मत बाद!" मत बाद म्हणजे मी निवडून आले. सरांनी काही न बोलता प्रयोगशाळेतलं भिंग माझ्या हातात दिलं. वरच्या ठशातले बाण उजवीकडे वळलेले. खालच्यातले डावीकडे. मी कागद त्याच्या जुन्या घडीवर पुन्हा मिटला आणि उजेडात धरला. पुसट ठसा बरोबर ठळक ठशावर जाऊन बसला. कुणीतरी शिक्का मारून शाई ओली असतानाच कागद मिटला होता, एवढंच झालं होतं. बाण तिथे का असतात ते त्या क्षणी कळलं: घडीमुळे उमटलेला ठसा उलटा दिसावा आणि मतदाराने खरा शिक्का कुठे मारला ते ओळखता यावं, म्हणून.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

मला दिसत होतं ते मला बोलायचं नव्हतं. खोलीत सहा-सात जण होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मत वैध आहे, सर. भोवऱ्याचं आहे."

एकोणीस-एकोणीस. समान मतं पडली तर चिठ्ठी काढायची, हाही लोकप्रतिनिधित्व कायद्यातला नियम. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त पडलं असं समजायचं. दोन सारखे कागद, सारख्या घड्या, खडूच्या रिकाम्या डब्यात. सरांनी शिपाईमामांना बोलावलं. मामांनी डोळे मिटून हात घातला. चिठ्ठी त्याची निघाली. निकालाच्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि सरांनी हात जोडून दोघांनाही नमस्कार केला. नववीतल्या मुलांना शिक्षकाने केलेला तो नमस्कार मी अजून विसरलेले नाही.

मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रडले. खरं सांगते, खूप रडले. तोंड धुवायला तोटी उघडली तर शेजारी पाचवीतली एक मुलगी टाचा उंचावून ओंजळ तोटीखाली नेण्याचा प्रयत्न करत होती आणि पाणी कोपरावरून बाहीत जात होतं. मी तिला कमरेला धरून उचललं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "ताई, मी निवडून आले. अपक्ष!"

हरलेल्यांमधून त्या वर्षी सरांनी मला सभागृहाचा सचिव केलं. सांत्वन म्हणून केलं असेल असं मला वाटलं होतं, पण आज वाटतं की त्या सभागृहातली सगळ्यात चांगली जागा तीच होती. अध्यक्षांच्या पायाशी टेबल, त्यावर लांब पानांची वही, आणि दोन्ही बाजूंचे चेहरे समोर. बोलायला परवानगी नाही, फक्त लिहायचं. सभागृहाचं ऐकणं काय असतं ते मला त्या टेबलाने शिकवलं.

निकाल असा लागला होता: होडी तेरा, भोवरा बारा, अपक्ष तीन. म्हणजे माझ्या त्या पुसट ठशाची किंमत आता सगळ्या राज्याला कळत होती. दहावीतला अपक्ष अध्यक्ष झाला. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान झालं तरच निर्णायक मत देतात. उरले सत्तावीस, आणि दोन अपक्षांच्या हातात सगळं. चार दिवस मधल्या सुट्टीत त्या दोघांभोवती नुसती गर्दी. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: अपक्षाने पाठिंबा द्यावा, पण निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर सदस्यत्व जाईल. १९८५ची पक्षांतरबंदी, संविधानाची दहावी अनुसूची. आमच्याकडे सदस्यत्व जाणं म्हणजे बाकावरून उठून प्रेक्षकांत जाऊन बसणं. त्या भीतीने कुणी फुटलं नाही.

मुख्याध्यापिकाबाई राज्यपाल होत्या. पाठिंब्याची पत्रं त्यांनी चष्मा लावून, सह्या ताडून वाचली आणि भोवऱ्याला बोलावलं. ज्याने मला चिठ्ठीवर हरवलं तोच मुख्यमंत्री झाला.

विश्वासदर्शक ठरावाची वेळ आली. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावं." सभागृह दणाणलं. "विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं." तेवढंच दणाणलं. विरोधी पक्षाने मतविभागणी मागितली. मी पेन्सिल घेऊन मोजायला उठले, तेवढ्यात पाचवीतल्या त्या अपक्ष मुलीने हात वर केला. "अध्यक्ष महोदय, मला एक विचारायचंय." नियमात बसत होतं की नाही, अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं, सरांनी मान हलवली नाही, अध्यक्षांनी स्वतःच परवानगी दिली.

"लहान मुलांसाठी खाली तोटी लावणार म्हणालात. कधी लावणार?"

मुख्यमंत्री छान बोलणारा होता. तो पाणीपुरवठ्याबद्दल बोलू लागला, दुष्काळी तालुक्यांबद्दल बोलू लागला. ती उभीच. "तारीख सांगा." मागून होडीच्या एका सदस्याने ओरडून सांगितलं की मुख्यमंत्री खोटं बोलताहेत, अध्यक्षांनी तो शब्द असंसदीय म्हणून काढून टाकायला सांगितला आणि त्या सदस्याने दुरुस्ती केली, "वस्तुस्थितीला धरून बोलत नाहीत." मी दोन्ही वाक्यं लिहिली आणि पहिलं खोडलं. शेवटी मुख्यमंत्र्याने तारीख दिली. ३१ जानेवारी. मी ती वहीत लिहून खाली रेघ मारली. खऱ्या विधानसभेतही मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन तसंच सुटत नाही, ते पाळलं की नाही ते बघायला आश्वासन समिती असते.

होय चौदा, नाही तेरा. मी दोनदा मोजलं.

अर्थसंकल्पावरची चर्चा आमच्याकडे दरवर्षी रंगायची, कारण "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न विचारल्याशिवाय सर कुठलीच योजना पुढे जाऊ देत नसत. त्या वर्षी सरकारने दुष्काळी तालुक्यांत मागेल त्याला काम द्यायचं ठरवलं होतं. सरांनी आधीच सगळ्यांना महाराष्ट्राच्या रोजगार हमीची हकिकत वाचायला लावली होती: विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, १९७७चा कायदा, आणि त्यासाठी नोकरी-धंदा करणाऱ्यांवर बसवलेला व्यवसाय कर. देशाचा तसा कायदा व्हायला २००५ उजाडलं. तेव्हा ते पुढचं कुणाला ठाऊक असणार, पण गॅलरीत बसलेले आमचे शिक्षक स्वतः दर महिन्याला तो कर भरत होते, आणि सातवीतल्या अर्थमंत्रीण बाईंनी त्यांच्याकडे हात करून "हे आपले करदाते" म्हटल्यावर त्या सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आणि मग शेवटचा ठराव. त्याच महिन्यात संसदेने मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणणारी घटनादुरुस्ती मंजूर केली होती. तिला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता लागणार होती. सर सहसा अधिवेशनात बोलत नसत. त्या दिवशी अध्यक्षांची परवानगी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपलंही एक राज्य आहे. आपणही मत नोंदवू."

चर्चा फार झाली नाही. चौथीतल्या एका सदस्याने विचारलं की अठराच का, आम्ही आत्ताच दिलं की मत. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मला वाटतं तो प्रश्न उत्तर देण्याजोगा होता. दहावीतली मुलं बोटांवर वर्षं मोजत होती. मीही मोजली. ठराव मताला टाकला तेव्हा 'नाही'च्या वेळी सभागृह इतकं शांत झालं की बाहेरच्या टाकीत पडणारं पाणी ऐकू आलं. मी लिहिलं: ठराव एकमताने संमत.

एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ला लागू झाली. ती बातमी सरांनी कात्रण काढून त्या नकाशाच्या कोपऱ्यात चिकटवली. खालची तोटी त्याआधीच लागली होती, जानेवारी संपायला चार दिवस असताना.

पुढच्या वर्षीच्या संमेलनात मी दहावीत होते, अभ्यासामुळे उभी राहिले नाही, फक्त मत दिलं. नंतर कित्येक वर्षं माजी विद्यार्थी म्हणून मधल्या दिवशी गॅलरीत जाऊन बसत असे. सर निवृत्त झाल्यावर नवीन बाईंनी विधानसभा चालू ठेवली, नकाशा तोच.

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत मी पहिल्यांदा खरं मत दिलं. मला एकवीस पूर्ण व्हायचे होते. वय बदललं नसतं तर त्या यादीत माझं नाव आलंच नसतं. अधिकाऱ्याने मतपत्रिका देताना ती आधी उभी आणि मग आडवी कशी मिटायची ते दाखवलं. आडोशाच्या आत गेले. शिक्क्यावर चार बाण होते, एकाच दिशेला वळलेले. शिक्का मारला. बाहेर रांगेतलं कुणीतरी "झालं का?" विचारत होतं. मी कागदावर दोनदा हळूच फुंकर घातली, शाई पूर्ण वाळेपर्यंत थांबले, आणि मगच घडी घातली.