कावळ्याखालचा ठिपका

धुळीवर माझं पोट चालतं. जुनी चित्रं, नकाशे, लग्नाचे फोटो स्कॅन करायचे आणि कागदावर नको ते जे काही साचलंय ते स्क्रीनवर एकेक करून पुसायचं. हल्लीची मुलं एक फिल्टर मारतात. सगळे ठिपके एका दमात साफ, सोबत बारीक रेघाही साफ, आणि गिऱ्हाईक वर खूश. मी हाताने पुसतो. माझे उस्ताद प्रोसेस कॅमेऱ्याच्या, म्हणजे छपाईसाठी चित्राची निगेटिव्ह काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या जमान्यातले. तेव्हा धुळीमुळे निगेटिव्हवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहायची आणि छापताना तिथे काळा ठिपका उठायचा. लाइट टेबलावर वाकून, बारीक ब्रशने ओपेक, म्हणजे उजेड अडवणारा रंग लावून ती बुजवावी लागत. उस्ताद म्हणायचे, आधी बघ, धूळ आहे की चित्रकाराचा हात. हे वाक्य मी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला ऐकवलंय.

गेल्या पावसाळ्यात वांद्र्याच्या एक आंटी आल्या. मूळच्या गोव्याच्या, ऐंशीच्या घरातल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं शाईचं चित्र. दिवंगत नवऱ्याला भेट मिळालेलं. मुलं दोन, दोघं दोन देशांत, चित्र एकच. म्हणून दोन प्रिंट हव्या होत्या.

मारिओ म्हटलं की लोकांना मग आणि फ्रिजवरचे मॅग्नेट आठवतात. त्यांच्या व्यंगचित्रांतल्या मिस निंबूपानी, मिस फोन्सेका, झालं. मगवर छापताना रेघ किती जाड करून टाकतात ते मूळ चित्र समोर आल्यावर कळतं. या माणसाने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. 1926 चा जन्म, दमणचा. झेवियर्समधून इतिहासात बीए, मग आर्किटेक्चरला गेले आणि ते सोडलं. पण बाल्कनीचा कठडा, जिन्याचं वळण, कौलांची ओळ काढावी ती त्यांनीच. लहानपणी भिंती रंगवतो म्हणून आईने कोरी वही हातात दिली म्हणतात. पुढे कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये भिंतीच मिळाल्या!

साफ करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मारिओ म्हणजे परीक्षा. दुसऱ्या कुणाच्या चित्रात मोकळी जागा असते, तिथला डाग हा डागच. इथे मोकळी जागा शोधावी लागते. बाईचा झगा ठिपक्यांचा, बुवाचा शर्ट चौकड्यांचा, भिंतीला विटा, फरशीला नक्षी, आणि उरलेल्या जागेत कुत्रा. आंटींच्या चित्रात बाजार होता. कोळणी, छत्रीवाले पाद्री, वर विजेच्या तारा, तारेवर कावळा आणि बरोबर त्याच्या खाली सुटाबुटातले एक टकले गृहस्थ.

फ्रेमच्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडला होता, कोपरा कसरीने खाल्लेला. बाराशे डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये घेतलं. थेट बिटमॅप, म्हणजे करडं न ठेवता नुसतं काळं-पांढरं घेतलं की बारीक रेघा तुटतात, हे किती वेळा सांगायचं. दोन दिवस पुसत बसलो. काम सुरेख झालं होतं, माझंच मी म्हणतो.

आंटी आल्या, चष्मा पुसला, प्रिंटवर वाकल्या.

"अरे बाबा, कावळ्याने केलेलं कुठे गेलं?"

मला कळेना. मग त्यांनी मूळ चित्रावर बोट ठेवलं. कावळा आणि टक्कल यांच्या मधोमध, हवेत, एक ठिपका. डोक्यावर पडायला अजून इंचभर बाकी. "माझा मिस्टर पाहुण्यांना आधी हाच दाखवायचा. म्हणायचा, मारिओने त्याला पडूच दिला नाही."

कान गरम झाले. उस्तादांचं वाक्य आठवलं. तोंडाने "सॉरी आंटी" म्हणत हाताने भिंग काढलं, टेबल लॅम्प आडवा केला. शाई कागदाच्या धाग्यांत उतरते, कडेला बारीक मुळं फुटतात. हा ठिपका कागदावर बसलेला होता. तपकिरी, किंचित चमकणारा, तिरक्या उजेडात त्याची सावली पडत होती. मी सहज विचारलं, पहिल्यापासून काचेत होतं का?

"नाही रे. आधी डायनिंग टेबलाच्या वर टाचलेलं होतं. चौदा वर्षं."

जेवणाचं टेबल, वांद्रं, चौदा पावसाळे. माशीचा डाग होता तो.

मी काही बोललो नाही. पोऱ्याने भिंग मागितलं, त्याला चहा आणायला पाठवलं.

कच्च्या स्कॅनमधून ठिपका उचलून परत जागेवर ठेवला. पण बाकीच्या रेघा काळ्याभोर आणि हा करडा. आंटींनी लगेच ओळखलं, म्हणाल्या, "असा नाही, काळा पाहिजे." मग मी तो काळा केला, कडाही नीट गोल केल्या. ज्या चित्रात मी फक्त पुसायचं, त्यात पहिल्यांदाच काहीतरी काढलं, आणि तेही माशीच्या वतीने. दोन्ही प्रिंट दोन्ही देशांत गेल्या.

परवा बॅकअप चाळताना फाइल पुन्हा उघडली. आधीचा आणि नंतरचा स्कॅन शेजारी लावले आणि मी पुसलेले ठिपके मोजत गेलो. पाद्रींच्या नाकाशेजारी एक होता. तीळ असावा इतका जागच्या जागी. नुसत्या स्कॅनवरून शाई कुठली आणि घाण कुठली ते खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी मूळ कागद हवा, आडवा दिवा हवा, आणि कागद वांद्र्याला, काचेमागे. आंटींचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला.