हातभर अंतरावरचा वास

सोमवार, रात्री साडेदहा

दुपारी दोन ते चार मेन रोडवर चिटपाखरू नव्हतं. ऊन कललं आणि सगळी गिऱ्हाइकं एकदमच आली. दुकान बंद करायला नऊ वाजले. आता अंघोळ, जेवण उरकून गच्चीत बसलोय. खालून कुणाच्या तरी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास येतोय. दोन महिने डोक्यात घोळणारी गोष्ट आज लिहून काढावी म्हणतो.

चष्मेवाल्याचा धंदा हातभर अंतरावरचा. पीडी काढायची, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, तर समोरच्याच्या नाकाच्या दांडीवर पट्टी धरून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहावं लागतं. फ्रेम बसवताना त्याहूनही जवळ. काडी हीटरवर गरम करायची, कानामागे किती वाकवायची ते बोटाने चाचपायचं, पुन्हा गरम करायची, पुन्हा लावून बघायची. माणूस दोन मिनिटं अगदी गप्प बसलेला असतो, मीही गप्प असतो. तेवढ्या वेळात एकमेकांचा वास येतोच.

कानामागे माणसाचा खरा वास असतो हे मी पंचवीस वर्षांत शिकलो. खोबरेल तेल, बाम, शिकेकाई, घाईत धुवायचा राहिलेला साबण. जुन्या नाशकातून एक चाचा येतात, त्यांच्या उजव्या कानात अत्तराचा फाया असतो. काडी बसवायच्या आधी ते तो हळूच काढून रुमालात ठेवतात आणि काम झालं की पुन्हा जागेवर. उन्हाळ्यात खस, पावसाळ्यात मिट्टी, थंडीत हिना. हा क्रम त्यांनी कधी मोडलेला मला आठवत नाही. मोगलांच्या काळात आपल्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. असं नाव मिरवलेल्या गावात माणसाने कसंही वास मारत फिरू नये, असं त्यांचं म्हणणं.

मार्चमध्ये एक आजी नातवाबरोबर आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सव्वा महिना झाला होता, पक्क्या नंबरचा चष्मा न्यायचा होता. मी पुढे वाकलो तर त्यांनी मान मागे घेतली. मला वाटलं काडी टोचली. पुन्हा वाकलो, पुन्हा मान मागे. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. "दादा, तुमच्या अंगाचं काहीतरी नाकात जातंय हो," असं अगदी हळू म्हणाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून हळू.

त्या दिवशी सकाळी मी बॉडी स्प्रे मारला होता. काखेत, मानेवर, वरून शर्टावर. घामाचा वास गिऱ्हाइकाला येऊ नये, एवढीच कळकळ होती. आणि त्या कळकळीपायी एका म्हाताऱ्या बाईला डोळे मिटायला लागले. शेवटी चष्मा नातवाने घातला, मी दोन पावलं लांबून सांगत राहिलो. डावी काडी सैलच राहिली. तशाच त्या गेल्या. दुकानातून कुणी सैल काडी घेऊन गेलं की मला रात्री झोप लागत नाही, आणि इथे तर कारण मीच होतो.

वासासाठी आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत. दरवळ शेजारच्या खोलीतून येतो. घमघमाट अंगावर येतो. दर्प नाकात जाऊन बसतो आणि उठत नाही. मला यातलं काहीच नको होतं. मला नुसता वास हवा होता, नुकतीच अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आलेल्या माणसाचा. आणि तोही हातभर अंतरावर आलेल्यालाच यावा, रस्त्यापलीकडच्याला नको.

मुलगी पुण्याला फार्मसी शिकते. पाडव्याला आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती मला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेली. मी कागदाच्या पट्ट्या हुंगून पाच मिनिटांत ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "बाबा, कागदावर ठरवायचं नसतं. मनगटावर मारा आणि चला, चहा पिऊन येऊ." चहा झाला, पायी एक फेरी झाली, तासाभराने मनगट नाकाशी नेलं. कागदावर आवडलेला वास गोडसर आणि जड होऊन बसला होता. दुसऱ्या मनगटावरचा, जो मी आधी बाजूला सारला होता, तो अजून स्वच्छ होता. तोच घेतला.

पहिल्यांदा लिंबाच्या सालीसारखा, जरा कडवट. मग लॅव्हेंडर आणि कुठलीशी हिरवी पानं. आणि सगळ्यात खाली वाळा. हा वाळा ओळखला तेव्हा मला फार बरं वाटलं. लहानपणी उन्हाळ्यात आई माठात वाळ्याची जुडी टाकायची, तोच हा. त्याला इंग्रजीत व्हेटिव्हर म्हणतात आणि तो शब्द मूळचा तमिळ आहे. आज त्याचं पुष्कळसं तेल हैतीतून येतं म्हणे. इतक्या लांबून फिरून तो माझ्या शर्टाखाली आला.


बुधवार

सकाळी देवासाठी हार घ्यायला गोदाकाठी फुलबाजारात गेलो होतो. मोगऱ्याच्या पाटीपाशी उभं राहिलो की माझं तर पाऊल हलत नाही. हारवाल्या मावशींना म्हटलं, तुमची मजा आहे, दिवसभर हा वास. त्या गुंफता गुंफता म्हणाल्या, "कुठला वास? मला नाही येत. घरी गेल्यावर सून म्हणती, अंगाला मोगरा येतोय."

हे ऐकून मला माझ्याच सवयीचं उत्तर मिळालं. अत्तर असो की फवारा, दहा-पंधरा मिनिटांत आपलं नाक त्याला सरावतं आणि खबर द्यायचं थांबवतं. वास गेलेला नसतो, फक्त आपल्याला कळेनासा होतो. आपल्याला वाटतं उडाला, म्हणून आपण पुन्हा मारतो. मी बॉडी स्प्रेची बाटली दुकानात ठेवून दुपारी पुन्हा मारायचो ती याचमुळे. समोरच्यावर दुप्पट भार पडायचा आणि मला पत्ताच नसायचा.

आता सकाळी दोनच फवारे. एक छातीवर, बनियनच्या आत, आणि एक मानेच्या मागे, कॉलरखाली. मनगटावर अजिबात नाही. माझी मनगटं दिवसभर लोकांच्या डोळ्यांपाशी असतात.


शुक्रवार, दुकानात, दुपारी

ऊन रणरणतंय, कुणी येणार नाही. तेवढ्यात लिहितो.

शेजारच्या कापडवाल्याने विचारलं, नवीन सेंट का? किती तास टिकतो? मी म्हटलं, तीन-चार तास. तो म्हणाला, मग पैसे वाया. त्याच्याकडे एक आहे, सकाळी मारला की रात्री उशीलाही येतो.

हा "टिकतो का?" प्रश्न सगळेच विचारतात, आणि मला तो आता पटत नाही. जे ताजं असतं ते टिकत नसतंच. लिंबाची साल नखाने दाबली की बारीक तुषार उडतो, त्याचा वास किती वेळ राहतो? लिंबात, संत्र्यात, बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीतल्या फळात जो लिमोनीनसारखा घटक असतो, त्याचे रेणू हलके, ते सगळ्यांच्या आधी उडतात. उडतात म्हणूनच नाकापर्यंत इतक्या चटकन पोचतात. कस्तुरीसारखे किंवा चंदन-वाळ्याचे रेणू जड, ते रेंगाळतात. त्यामुळे ज्याला दिवसभर टिकायचंय त्याला जड व्हावंच लागतं. चाचांचं अत्तर टिकतं ते त्यामुळेच. उत्तर प्रदेशातल्या कनौजला फुलं तांब्याच्या डेगेत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि चंदन ती धरून ठेवतं. त्यात अल्कोहोल नाही, घाई नाही. फायाभर अत्तर कानात ठेवायचं ही त्याची रीत, आणि ती रीत पाळली तर अत्तरासारखं दुसरं काही नाही. पण तोच टिकाऊपणा फवाऱ्यात घालून शर्टभर मारला की दर्प होतो.

माझ्या बाटलीवर ईडीटी लिहिलंय, म्हणजे ओ द त्वालेत, सेंटचा एक हलका प्रकार. मुलीने सांगितलं, त्यात सुगंधी द्रव्य साधारण पाच ते पंधरा टक्के, ईडीपीत, म्हणजे ओ द पार्फममध्ये, पंधरा ते वीस, आणि कोलन नावाच्या आणखी पातळ प्रकारात फार तर पाच. बाकी मुख्यतः अल्कोहोल. धुतलेल्या कपड्यांसारखा जो वास माझ्या बाटलीत येतो, त्याचंही कारण तिने सांगितलं. डायहायड्रोमिर्सिनॉल नावाचा एक घटक असतो, लिंबू आणि लॅव्हेंडर यांच्या मधला. डेव्हिडॉफ कंपनीचं कूल वॉटर १९८८ साली आलं, त्यात तो सढळ हाताने वापरलेला, आणि पुरुषांच्या ताज्या वासाचं वळणच त्याने ठरवलं. हाच घटक कपडे धुण्याच्या पावडरीतही पुष्कळ वापरतात. म्हणून तो नाकाला आला की मनात स्वच्छ शर्ट येतो.

एक काळजी मात्र घ्यावी. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, ते लागलेल्या कातडीवर कडक ऊन पडलं तर काळे डाग पडू शकतात. हल्ली बऱ्याचदा ते काढून टाकलेलं तेल वापरतात, तरी मी इंदिरानगरहून गाडीवर येतो, मुंबई नाक्याच्या सिग्नलला ऊन मानेवरच असतं. मानेवरचा फवारा कॉलरखालीच हवा. आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. जुनी मी तिथेच ठेवायचो आणि मे महिन्यात तिचा वास आंबूस झाला होता. उष्णता आणि उजेड या दोन्हींनी ही द्रव्यं बिघडतात. आता ती कपाटात शर्टांच्या मागे असते.

आत्ता दोन वाजलेत. सकाळचा लिंबू केव्हाच गेला. शर्टाचं वरचं बटण उघडलं की थोडा वाळा येतो, तेवढाच. संध्याकाळी घरी जाताना तोही नसेल. मग घरी माझा वास असेल, घामाचा, फ्रेमच्या तापलेल्या प्लॅस्टिकचा, दिवसभराच्या कामाचा. बायकोला तो ओळखीचा आहे. तो झाकायची मला गरज वाटत नाही.

आजींच्या नातवाला फोन केला होता. काडी सैल आहे, घेऊन या म्हटलं. उद्या येतो म्हणाला.


शनिवार

आजी स्वतः आल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा काढून माझ्या हातात दिला. डावी काडी गरम केली, वाकवली, घालून बघितली. जरा जास्त वाकली, पुन्हा गरम केली. मी चारदा पुढे वाकलो. त्या समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचत होत्या, मोठ्याने, एक एक करून, एकतीसपर्यंत. वासाबद्दल काही बोलल्या नाहीत. तेच मला हवं होतं.


रविवार, रात्री

दुकान बंद. तरी सकाळी अंघोळ झाल्यावर हात आपोआप बाटलीकडे गेला. दोन फवारे. आणि त्या पहिल्या क्षणात, लिंबू आणि अल्कोहोल एकत्र नाकात गेलं तेव्हा, गेल्या दोन महिन्यांत जे रोज जाणवून निसटत होतं ते सापडलं. हा वास मला फार जुना ओळखीचा होता.

कोलन वॉटर. चौथीत असताना मला विषमज्वर झाला होता. आई पितळी वाटीत पाणी घ्यायची, त्यात कोलन वॉटर घालायची आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या बुडवून कपाळावर ठेवायची. पट्टी ठेवली की गारवा थेट डोक्यात उतरायचा. अल्कोहोल उडताना कातडीची उष्णता घेऊन उडतं. लिंबूही त्याच्याबरोबरच उडायचा, म्हणून गारवा आणि वास माझ्यासाठी एकच झाले. पट्टी कोमट झाली की आई उलटी करायची. मग पुन्हा वाटीत.

त्या पाण्याचं नाव जर्मनीतल्या कोलन शहरावरून आलं. फरिना नावाच्या मूळच्या इटालियन घराण्याने तिथे १७०९ साली व्यवसाय मांडला. त्यांच्यातल्या योहान मारिया फरिनाने लिंबू, बर्गमॉट, संत्र्याची फुलं असं जमवून हे पाणी केलं, आणि पावसानंतरच्या इटलीतल्या वसंतातल्या सकाळची त्याला त्यातून आठवण यायची. परक्या गावात बसून त्याने आपल्या घरची सकाळ बाटलीत भरली होती. तीच पुढे जवळजवळ तीन शतकं फिरत फिरत पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत, फडताळात, अमृतधारेच्या बाटलीशेजारी आली. आज पुरुषांसाठी म्हणून जे ताजे वास विकले जातात, त्यातल्या कितीतरींची सुरुवात अजून त्याच लिंबू-बर्गमॉटने होते.

दुपारी आईजवळ जाऊन बसलो. अठ्ठ्याहत्तरची झाली ती. वास आता पूर्वीसारखा येत नाही तिला, फोडणी करपली तरी कळत नाही. तिला काही न सांगता मी मान तिच्याजवळ नेली. तिने जरा हुंगल्यासारखं केलं. थांबली. मग पुन्हा.

"ताप आलाय का रे?" म्हणाली, आणि उलटा तळहात माझ्या कपाळावर ठेवला.