शेवटचे तीन आकडे

आजचा अख्खा दिवस एका पॉइंटरने, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलने, खाल्ला. हौसेने लिहीत असलेला माझा छोटासा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कालपर्यंत बूटच्या वेळच्या पेज टेबलांवर, म्हणजे व्हर्च्युअल पत्त्याचा खरा फिजिकल पत्ता सांगणाऱ्या तक्त्यांवर, सुरळीत चालायचा. आज पहिल्यांदाच नवीन पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) त्या टेबलांत मॅप करायला घेतलं आणि एम्युलेटर (कर्नल ज्यात चालवतो तो नकली संगणक) गपकन रीसेट. एरर नाही, काही नाही. हा ट्रिपल फॉल्ट: चूक हाताळताना चूक, तीही हाताळताना पुन्हा चूक, म्हणजे प्रोसेसरने हात टेकणं.

आधी संशय टीएलबीवर, म्हणजे प्रोसेसर आधी शोधलेले पत्ते जिथे लक्षात ठेवतो त्या कॅशवर. (बिचाऱ्यावर नेहमीच येतो.) सीआर३ (सर्वात वरच्या टेबलाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) पुन्हा लोड करून तो झाडून काढला. ढिम्म फरक नाही.

शेवटी पेज टेबलांच्या चारही पातळ्या हाताने उतरत गेलो; वरच्या टेबलातली एंट्री खालच्या टेबलाचा पत्ता देते. एका टेबलात ५१२ एंट्र्या, प्रत्येक ८ बाइटची, म्हणजे बरोबर ४०९६ बाइट. त्यामुळे टेबलाचा पत्ता हेक्समध्ये ००० वर संपायलाच हवा. माझा संपत होता ०२७ वर! खालच्या १२ बिटांत पत्ता नसतोच, तिथे फ्लॅग्ज (हो-नाही सांगणारे बिट) असतात: प्रेझेंट, रायटेबल, युजर, अ‍ॅक्सेस्ड. ते न पुसताच मी पुढच्या टेबलात शिरलो होतो, ३९ बाइट सरकून. प्रत्येक नवी एंट्री दोन एंट्र्यांवर अर्धवट पडत होती.

गंमत म्हणजे फिजिकल पत्त्यात डायरेक्ट मॅपचा (सगळी फिजिकल मेमरी जिथे सलग दिसते त्या व्हर्च्युअल भागाचा) ऑफसेट मात्र न चुकता मिळवला होता. म्हणूनच तिथल्या तिथे पेज फॉल्ट (मॅप नसलेल्या पत्त्याची तक्रार) आला नाही, चुकीच्या जागी गुपचूप लिहिलं जात राहिलं.

दुरुस्ती? एक मास्क, म्हणजे ते खालचे १२ बिट शून्य करणं. आता फिजिकल आणि व्हर्च्युअल पत्त्यांना वेगळे टाइप दिलेत, मास्कची ओळही एकाच फंक्शनमध्ये ठेवलीय. मिसळले की कंपायलर ओरडेल. झोपतो.