राजपुत्राला आलेली अर्जदास्त

डब्लिनमध्ये रविवारी पाऊस असला की आम्ही चेस्टर बीटी हे संग्रहालय गाठतो. कॅसलच्या आवारातच आहे, तिकीट नाही, आणि आत उबदार असतं. (खरं कारण शेवटचं.)

परवा तिथल्या मंद उजेडात एक इराणी पान बघत होते. तळहाताएवढं चित्र. झाडाचं पान न् पान सुटं काढलेलं, बायकांच्या ओढणीची किनार केसाएवढ्या रेघेची. आणि मधून वाहणारा ओढा मात्र चक्क करडा, गटारासारखा! मग कळलं, तिथे खरी चांदी लावली होती. काळी पडली.

या संग्रहात बायसुंगुरसाठी केलेली, फारसी कवी सादीच्या 'गुलिस्तान' या ग्रंथाची प्रत आहे, 1426-27 सालची. बायसुंगुर म्हणजे तैमूरचा नातू. आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातला त्याचा किताबखाना, म्हणजे ग्रंथ घडवायचा कारखाना, होता. कागद, सुलेखन, चित्रं, सोनेरी नक्षी, बांधणी, सगळी कामं त्याच्या पदरी. तो स्वतःही उत्तम सुलेखनकार. ज्याच्या हाताला कलमाची सवय आहे, त्याला वेडीवाकडी ओळ कोण खपवणार?

त्या किताबखान्यातून राजपुत्राला गेलेला एक अहवाल इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात टिकून आहे. प्रमुख सुलेखनकार जाफर तबरीझीचा तो मानतात. त्याला म्हणतात 'अर्जदास्त'. हा शब्द वाचून मी थबकलेच. आपल्या मोडी कागदांतली अर्जदास्त ती हीच! आणि मजकूर? कोणाचं काम कुठवर आलं, बस्स. अमीर खलीलने गुलिस्तानमधल्या समुद्राच्या लाटांना चांदी लावून संपवली, आता रंग भरायला घेईल. अशी वीसेक कामं. स्तुतीची फुलं कमी, हिशोब जास्त. दर सोमवारी मी साहेबाला 'ऐंशी टक्के झालंय' अशी मेल टाकते, त्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

याच राजपुत्राने 1429 मध्ये कलीला व दिम्नाची प्रत करून घेतली. म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक, नावं बदलून हेरातला पोचलेले. पुढच्याच वर्षी शाहनाम्याची, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्याची, प्रत पुरी झाली, ती आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. 1433 मध्ये, छत्तिशीतच, बायसुंगुर गेला.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर त्या काळ्या ओढ्याचं सांगितलं. तिच्यामागे देवघरातलं निरांजन चकाकत होतं.

"अगं, मग रांगोळीने घासत का नाहीत?"