सहावं घर

तोंडाच्या कॅन्सरच्या अभ्यासात रुग्णांची नावं रुग्णालयाच्या कागदांवर मिळतात. दमछाक होते ती कंट्रोल मिळवताना, म्हणजे तुलनेसाठी त्याच वस्तीतली, त्याच वयाची, पण तो आजार नसलेली बाई. रुग्णाच्या दारातून निघून उजवीकडे वळायचं, पाच घरं सोडायची, सहाव्यापासून विचारत जायचं. वयात पाच वर्षांहून जास्त फरक नको. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, मगच पुढचं घर. आधी मतदार यादीवरून प्रयत्न केला होता, पण तिच्यात सासरी गेलेल्या लेकी माहेरीच असतात, वारलेल्यांची नावं तशीच आणि वय अंदाजानं टाकलेलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या त्या वस्तीवर सहाव्या घराला सकाळी अकराला कुलूप होतं, दुसऱ्या दिवशी चारलाही. सातव्या घरातल्या काकूंनी मात्र हाक मारून बसवलं, चहा टाकला. वय ५४, मुलगा शिक्षक, तंबाखूला कधी हात लावलेला नाही. पर्यवेक्षकांना फोन केला तर म्हणाले, "सातवं घर घे, फॉर्म भरून टाक. महिन्याचा आकडा गाठायचाय."

आकड्याचा हा धोशा मला पटत नाही. अकराला घरी सापडणाऱ्या बाईच्या आणि रोजंदारीवर गेलेल्या बाईच्या सवयी सारख्या नसतात. सापडतील तेवढ्याच गोळा केल्या तर कंट्रोलमध्ये भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावणाऱ्या कमी भरतात आणि मिसरीचा धोका आहे त्याहून मोठा दिसतो. उलटंही होतं. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली छापलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण घेतले आणि तुलनेला तितकेच दुसरे, तेही रुग्णालयातलेच. त्यांतल्या काहींचे आजारसुद्धा धूम्रपानाचेच होते हे पुढे लक्षात आलं. म्हणजे सिगारेटचा धोका खऱ्याहून कमी मोजला गेला होता.

सहाव्या घरी तिसऱ्या फेरीला मी संध्याकाळी साडेसातला गेले. तिथली बाई नुकतीच वैरणीचा भारा टाकून आली होती.

"मला काय झालंया? मला कशाला इचारता?"

"मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच आले."

बसली. फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, "तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?" हा प्रश्न टेबलावर बसून लिहिणाऱ्यांनी एक दिवस वस्तीवर येऊन विचारून पाहावा.

"न्हाय बाई. तंबाखू गडी खात्यात."

तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत काळं होतं.

"दात कशानं घासता?"

ती उठली आणि देवळीतून पत्र्याची डबी घेऊन आली. तव्यावर भाजून कुटलेली मिसरी. थोरली पोटात होती तेव्हापासून लावते, दिवसातून चारदा, रानातसुद्धा. मोजायला बसलो तर बत्तीस वर्षं झाली.

मग तिनं हळूच विचारलं, "तिला ह्यानंच झालं का?" रुग्णाचं नाव मी घेतलं नव्हतं, पण वस्तीला सगळं ठाऊक असतं. सही, म्हणजे अंगठा, घेईपर्यंत मी उत्तर दिलं नाही. नंतर मिसरी काय करते ते सांगितलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड तपासून घ्यायला चिठ्ठी दिली.

घरी येऊन त्या महिन्याची वही काढली. 'घर बंद, ३ फेऱ्या' असं अकरा ठिकाणी होतं. त्यांतल्या चार घरी माझ्या तिन्ही फेऱ्या अंधार पडायच्या आतच झाल्या होत्या.