एका सत्राचा विद्यार्थी

घारापुरी (एलिफंटा) बेटावरच्या या शाळेत मी जून १९८७ पासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे अवघे एक सत्र, चौथीच्या वर्गात होतो. माजी विद्यार्थी म्हणवून घेण्याचा माझा हक्क त्यामुळे तोकडाच आहे. तरीही शाळेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेच्या संपादकांनी आग्रहाने लिहावयास सांगितले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. वडील पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते आणि लेण्यांच्या देखरेखीसाठी त्यांची बेटावर नेमणूक झाल्याने आमचे बिऱ्हाड ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तेथे आले.

शाळेचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले होते, परंतु शाळा खऱ्या अर्थाने चालत असे ती भरती-ओहोटीवर. गुरुजी न्हाव्याहून होडीने येत. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास भरती असे, पाणी चढते असे आणि होडी थेट धक्क्याला लागे. षष्ठी-सप्तमीला मात्र नेमकी शाळा भरायच्या वेळी पूर्ण ओहोटी असे. होडी लांबच थांबे आणि गुरुजी धोतर गुडघ्यांच्या वर खोचून, एका हातात वहाणा व दुसऱ्या हातात डोक्याच्या वर धरलेली हजेरीची पिशवी घेऊन, तिवरांच्या कडेने चिखल तुडवत येत. त्यांच्या पावलांसरशी निवटे टणाटण उड्या मारून बाजूला होत. आम्ही मुले कळशीभर पाणी घेऊन काठावर उभे असू. पाय धुऊन झाले की प्रार्थना.

या भरतीमुळेच आम्हाला पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, आली. पाठ्यपुस्तकात ती नव्हती. पण तिथीचे पाऊणपट केले की भरतीची साधारण वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवला. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सप्तमीला सव्वापाच. रोज प्रार्थनेनंतर एकाने कालनिर्णयात तिथी पाहावयाची, दुसऱ्याने वेळ सांगावयाची आणि वर्गातील कोळ्यांच्या पोरांनी ती बरोबर की चूक ते ठरवावयाचे. वेळ थोडी मागे-पुढे होई, आणि ती किती व का होते हे त्या पोरांना गुरुजींपेक्षाही चांगले ठाऊक असे. अपूर्णांक शिकवण्याची याहून चांगली रीत मी पुढे कोठेही पाहिली नाही, आणि मी स्वतः आयुष्यभर गणितच शिकवले आहे.

जुलैमध्ये समुद्र खवळला की होडी येत नसे. त्या दिवशी सुट्टी मिळेल अशी माझी भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गावातील एक मावशी, ज्या स्वतः सातवीपर्यंत शिकल्या होत्या, आम्हाला शाळेच्या पडवीत बसवून शुद्धलेखन घालत. बाईंचा दरारा गुरुजींहून अधिक होता.

उघडीप मिळाली की गेटवेकडून लाँच सुरू होत आणि वर्गातील हजेरी रोडावे. कोणाची आई पायऱ्यांवर काकड्या विकावयास बसे, कोणाची डोक्यावर हंडे घेऊन परदेशी पाहुण्यांना फोटो काढू देई, आणि मुलांना धाकटी भावंडे सांभाळावी लागत. घाईघाईने लेणी पाहून परतीची लाँच गाठणाऱ्यांपैकी कोणाला या बेटावर शाळा आहे याचा पत्ता असेल, असे मला वाटत नाही. त्याच १९८७ साली युनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारशात समावेश केला. आमच्या वर्गाला मात्र त्या सदाशिवाच्या तीन मुखांपेक्षा रावणाने कैलास हलवल्याचे शिल्प अधिक प्रिय होते, कारण त्यावर मधल्या सुट्टीत नाटक करता येई. रावण होण्यासाठी भांडणे होत. पार्वती व्हावयास कोणी तयार नसे.

वीज नव्हती. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, म्हणजे माझे वर्गमित्र आजोबा होण्याच्या वयात. आम्ही कंदिलाभोवती अभ्यास करीत असू तेव्हा पश्चिमेला सगळी मुंबई लखलखत असे आणि दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदराच्या बांधकामावरचे दिवे रात्रभर जळत. एवढ्या उजेडाच्या मधोमध आम्ही रॉकेल पुरवून वापरत होतो, याचा राग मला तेव्हा आला नाही, आता येतो.

सहामाही परीक्षा झाली आणि वडिलांची पुन्हा बदली झाली. दुसऱ्या सत्रात शाळेची सहल मुंबईला राणीच्या बागेत जावयाची होती. बेटावरचा प्रसिद्ध दगडी हत्ती इंग्रजांनी हलवताना मोडला आणि पुढे जोडून तेथे उभा केला, एवढे आम्हाला गुरुजींनी सांगितले होते. पाहिला मात्र कोणीच नव्हता. ती सहल माझी हुकली. जानेवारीत नव्या पत्त्यावर गुरुजींच्या अक्षरातले पोस्टकार्ड आले, खाली साऱ्या वर्गाच्या वेड्यावाकड्या सह्या. हत्ती वाटला होता त्याहून लहान निघाला, बागेतल्या मुंबईच्या मुलांना तो आमच्या गावचा आहे म्हणून सांगितले पण कोणाला पटेना, आणि परतताना लाँच लागल्याने निम्मा वर्ग आडवा झाला होता, असा मजकूर होता. कोळ्यांची पोरे लाँच लागून आडवी झाली, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. तेव्हा त्या वर्गातील जे कोणी महोत्सवाला येणार आहेत, त्यांनी याचा खुलासा करावा.