तापली म्हणजे वाळली नव्हे

मे लागला की आमच्या नागपूरच्या फ्लॅट स्कीमच्या छतावर कपड्यांपेक्षा रजयाच जास्त. काल दुपारी टाकी पाहायला वर गेले तर समोरच्या काकू चार वाजताच रजई गुंडाळून राहिल्या होत्या. म्हटलं, काकू इतक्यात? तर म्हणे, "पाह्य ना हात लावून, कशी तापून राहिली!"

तापली, मान्य. पण उन्हातल्या गरम कापडात ओल हाताला कळतच नाही ना. आधी सावलीत आणा, जरा थंड होऊ द्या, मग शिवणीची जाड कड गालाला लावून पाहा. गार लागली की परत उन्हात. हे मी काकूंना बोलले नाही, उगाच कशाला.

महाल भागातल्या जुन्या घरी आजी कापसाच्या रजईला पाणी लागूच द्यायची नाही. खोळ उसवून ती तेवढी धुवायची, कापूस नुसता उन्हात, फारच गोळे झाले की पिंजारी. धुणं असायचं ते गोधड्यांचं. अंगणातल्या फरशीवर गोधडी पसरून, साबणाचा चुरा टाकून आम्हा पोरांना वर नाचायला सोडायची, पायाखालून जे काळं पाणी निघायचं ते पाहून आपण यावर झोपत होतो याची लाजच वाटायची. मग पिळणं. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजवीकडे पिळायचं, पण चुलतभाऊ मुद्दाम डावीकडे पिळायचा आणि गोधडी नुसतीच गरगर फिरायची, आजीच्या शिव्या मात्र दोघांना. वाळत घालायची ती दोन दोऱ्यांवर, मधून हवा खेळली पाहिजे म्हणून.

आता मशीन सात किलोची, तेही सुक्या कपड्यांचे सात किलो. डबलबेडची रजई कोंबली की ड्रम फिरतो बिचारा, पण साबण मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही.

2024 च्या मे अखेरीस इथल्या एका सेन्सरनं 56 डिग्री दाखवले होते, मग हवामान खात्यानं सेन्सरच चुकला म्हणून सांगितलं. खरे असते तरी जाड कड एका दिवसात वाळली नसती, हे माझं मत.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की लोक चिखलदऱ्याला पळतात, मी दिवाण उघडून बसते. नवरा म्हणतो, राहू दे ना, रात्री एसीत रजई लागतेच की. लागते खरी. मग धुवायची केव्हा?